विठोबा, वारी आणि आसपास: शनिवार-रविवारी काय वाचाल?

कर्जत लोकल
आषाढी जवळ आली की दरवर्षी तेच होतं, व्हॉट्सॅपवर विठ्ठलाचे तेच फोटो, तेच चार अभंग आणि कुणीतरी फॉरवर्ड केलेलं 'वारीमागचं सायन्स'. ते सायन्सवालं तर मी न वाचताच डिलीट करतो. म्हणून म्हटलं धागा काढावा. बाहेर पाऊस, लोकलचा भरवसा नाही, दोन दिवस हातात आहेत, तर श्रद्धा, साहित्य, कला, संस्कृती हे सगळं ज्यात येईल असं काय वाचावं? विठोबा आणि वारीच्या आसपासच राहू, नाहीतर धागा रामायणापासून रमण महर्षींपर्यंत जाईल.

माझ्याकडून सुरुवात करतो. शनिवारी सकाळी चहाबरोबर इरावती कर्व्यांचा 'वाटचाल' हा लेख, 'परिपूर्ती' (१९४९) मध्ये आहे. छोटा आहे, तासाभरात होतो. बाई मानववंशशास्त्रज्ञ, वारीत चालल्या आणि जे दिसलं ते लिहून ठेवलं, कुठेही गळा काढला नाही की नाक मुरडलं नाही. ज्यांची माणसं पंढरीला जातात तो महाराष्ट्र, ही त्यांची व्याख्या सगळ्यांना माहीत असते पण ती ज्या लेखात आहे तो फार थोड्यांनी वाचलेला असतो.

मग दुपारपासून दि. बा. मोकाशींचं 'पालखी' (१९६४). मोकाशी पुण्यात रेडिओ दुरुस्त करायचे आणि कथा लिहायचे. ते आळंदीहून पंढरपूरपर्यंत पालखीबरोबर गेले, भक्त म्हणून नाही, बघ्या म्हणूनही नाही, या दोघांच्या मधे कुठेतरी अडकलेला माणूस म्हणून. पाय दुखतायत, झोपायला जागा कुठे मिळेल याची चिंता आहे, शेजारचा म्हातारा काय बोलतोय ते ऐकायचंय, आणि सारखा मनात प्रश्न की हे लोक कशासाठी चालतात आणि मला तसं का वाटत नाही. उत्तर मिळालं असं ते दाखवत नाहीत म्हणूनच मला ते पुस्तक आवडतं.

आणि रविवारी रा. चिं. ढेरे, 'श्रीविठ्ठल: एक महासमन्वय'. जमेल तितकं.

तुमची यादी टाका. पीडीएफ मागू नका.

खारेदाणे
ढेरे रविवारी?? राव, ते पुस्तक महिनाभर पुरतं. मी एकदा बसलो होतो तर तळटीपांतच संध्याकाळ झाली.

कर्जत लोकल
सगळं नाही हो. मुख्य मांडणी तेवढी वाचा. विठ्ठल हा मुळात धनगर-गवळ्यांचा देव, मग त्याचं वैष्णवीकरण कसं झालं, तिरुपतीच्या वेंकटेशाची गोष्ट त्याच्याशी कशी जुळते, एवढं वाचलं तरी डोकं गरगरतं. शिलालेख, स्थलपुराणं, धनगरी ओव्या, कानडी-तेलुगू साधनं, सगळं एका टेबलावर मांडून माणूस बसलाय. १९८७ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यालाच आहे.

मिरजेची
ढेऱ्यांचं म्हणणं पुस्तकाबाहेर बघायचं असेल तर दिवाळीच्या आधी आमच्याकडे पट्टणकोडोलीला या. विठ्ठल-बिरदेव एकत्र, धनगरांची जत्रा, भंडारा एवढा उधळतात की माणसं, रस्ता, घरांची कौलं सगळं पिवळं. बुक्का लावलेला पंढरपूरचा विठ्ठल आणि हा भंडाऱ्यातला विठ्ठल, दोन्ही बघितले की मग पुस्तक हातात घ्या. उलट क्रमाने वाचलं तर ते नुसतं संशोधन वाटतं.

आणि 'वाटचाल'बद्दल. त्यातला दिंड्यांचा भाग कुणी कोट करत नाही, सगळे फक्त ती व्याख्या उचलतात. चालायचं एकत्र, गायचं एकत्र आणि जेवायला बसायचं आपापल्या जातीत, हे बाईंनी स्वच्छ लिहून ठेवलंय. त्या ब्राह्मणांच्या दिंडीत होत्या, मराठा बायकांबरोबर जेवायला लागल्यावर त्या बायकांचं वागणंच बदललं, जवळ येऊन चालायला लागल्या, ताई म्हणायला लागल्या. व्याख्या आणि हे, दोन्ही एकाच लेखात आहे. एक घ्यायचं आणि दुसरं सोडायचं हे बरं नाही.

माळकरी_पोर
धागा चांगलाय पण एक बोलू का. आमचं गाव माळशिरस तालुक्यात, पालखी दारावरनं जाते, घरात तीन पिढ्या माळ आहे. वरची यादी बघितली तर सगळी पुस्तकं बाहेरनं आलेल्या माणसांची. एक बाई अभ्यासाला आल्या, एक लेखक शंका घेऊन आले, एक संशोधक देवाचं मूळ शोधत बसले. आदर आहे सगळ्यांबद्दल. पण ज्याला शंकाच नाही त्याचं काय वाचायचं ते कुणी सांगतच नाही. म्हणजे श्रद्धेवरचं वाचन म्हणायचं आणि श्रद्धा असलेला माणूस फक्त बघायला ठेवायचा.

चहाटळ
मुद्दा बरोब्बर. भालचंद्र नेमाड्यांनी अरुण कोलटकरांच्या 'जेजुरी' या कवितांवर हाच आरोप केला होता की हा मुंबईहून वीकेंडला आलेला टुरिस्ट आहे, येतो आणि जातो. आणि धाग्याचं नाव काय तर शनिवार-रविवारी काय वाचाल 😄 आपण सगळे त्याच एसटीत बसलोय.

(तरी 'जेजुरी' वाचा. देव वेगळा आहे, खंडोबा, पण धागाकर्त्यांनी आसपास म्हटलंय तर चालवून घ्या. मूळ इंग्रजी १९७६ चं, त्याला १९७७ चं कॉमनवेल्थ कवितेचं बक्षीस होतं, मराठी 'जेजुरी' कोलटकर गेल्यावर प्रास प्रकाशनाने काढली.)

कर्जत लोकल
नेमाड्यांचं ते मला कधीच पटलं नाही. कोलटकर टुरिस्ट असतीलही, पण आपण टुरिस्ट आहोत हे त्या कवितांमधल्या माणसाला पक्कं ठाऊक आहे. एका कवितेत देऊळ समजून उघड्या दारातून डोकावतो आणि आत वासरू, म्हणजे तो गोठा निघतो. ते वाचून कुणाला देवाची चेष्टा वाटते, मला त्या गावात देऊळ आणि गोठा यांच्यात फारसा फरकच नाही असं वाटलं आणि ते काही वाईट नाही. हातपाय नसलेला देव येशवंतराव देवळाबाहेर बसलाय, त्याच्यावरची कविता तर सरळसरळ भक्तीची आहे, फक्त बोलतो मुंबईच्या माणसासारखं.

आणि ज्याला कोलटकर बाहेरचे वाटतात त्याने 'चिरीमिरी' (२००३) घ्यावं. तिथे बळवंतबुवा आहे, त्याच्याबरोबर पंढरीला निघालेल्या वेश्या आहेत, आणि विठ्ठल त्यांच्याशी घरच्यासारखा वागतो. घरी मोठ्याने वाचताना आजूबाजूला कोण आहे ते बघून वाचा एवढंच.

माळकरी_पोर, तुम्ही म्हणताय ते मात्र मान्य. तर तुम्हीच सांगा ना, यादी तुमच्याकडून हवी.

माळकरी_पोर
मला पुस्तकी यादी जमणार नाही. आमच्याकडं पुस्तक म्हणजे भजनी मालिका, तेलकट हातानं पानं उलटून उलटून काळी झालेली. त्यात सगळं क्रमानं असतंय, काकडा, हरिपाठ, रूपाचे अभंग, वाराचे अभंग. तुमचं वीकेंड वाचन चाललंय म्हणून सांगतो, आमच्यात वाराप्रमाणं अभंग ठरलेले असतात, शनिवारी मारुतीचा अभंग होतोच. म्हणजे शनिवारचं वाचन आमचं कधीच ठरलेलं आहे 😀

ज्यांना सुरुवात करायचीय त्यांनी संध्याकाळी ज्ञानेश्वर माउलींचा हरिपाठ म्हणावा. वाचू नये, म्हणावा. मोठ्यानं. एकट्यानं म्हटला तर लवकर उरकतो, टाळ धरून चालीत म्हटला तर जास्त वेळ लागतो आणि तो जास्तीचा वेळच खरा. अर्थ लावत बसू नका पहिल्याच दिवशी. आमच्या आजीला अक्षर वाचता येत नव्हतं आणि अख्खा हरिपाठ पाठ. तिला कुणी विचारलं असतं की हे का म्हणतेस तर तिनं आधी चहा टाकला असता.

गाथा घ्यायची तर एक सांगतो. पहिल्या पानापासून वाचायला गेलात तर दमाल, साडेचार हजारांवर अभंग आहेत. कुठलंही पान उघडा. तुकोबा एका पानावर देवाला शिव्या घालतोय, दुसऱ्यावर रडतोय, तिसऱ्यावर भोंदू बाबाचं पितळ उघडं करतोय. शंका घेणाऱ्यांना वाटतं शंका त्यांनीच शोधून काढली. तुकोबाएवढी शंका कुणी घेतली का सांगा.

खारेदाणे
शेवटच्या ओळीला टाळ्या 👏

मिरजेची
माळकरी_पोर यांना एक भर. आतल्या माणसाचंच हवं असेल तर संत बहिणाबाईंचं आत्मचरित्र. खान्देशच्या बहिणाबाई चौधरी नव्हेत, या सतराव्या शतकातल्या, तुकोबांच्या शिष्या. ब्राह्मण घरातली बाई, कुणब्याच्या तुकारामाला गुरू केलं म्हणून नवऱ्याने मारलेलं सगळं अभंगात लिहिलंय, आणि वर मागच्या बारा जन्मांची हकीकत. नवरा सोडून जाणार म्हणतो तेव्हा तिच्या मनातली ओढाताण, देव की नवरा, ती आजच्या बाईलाही कळते. मला शेवटी तिने जी तडजोड केली ती पटत नाही, पण ती तिने उघड्यावर केलीय, लपवली नाही.

दुसरं, चोखोबांचं घर. चोखामेळा, सोयराबाई, मुलगा कर्ममेळा. ह्या घरातल्या अभंगांना वीकेंडचं वाचन म्हणायला जीभ रेटत नाही, पण वाचाच. चोखोबांमध्ये सोसणं आहे, कर्ममेळ्यात राग आहे. हीन जातीत का घातलंस, उष्टं का खायला लावलंस, असं तो देवाला तोंडावर विचारतो. किशोरीताईंचं 'अवघा रंग एक झाला' गाडीत लावणाऱ्या किती जणांना माहितीय की ते सोयराबाईचं आहे? बाबासाहेबांनी 'द अनटचेबल्स' (१९४८) ज्या तिघांच्या स्मृतीला अर्पण केलं त्यात नंदनार, रविदास आणि चोखामेळा आहेत. आणि पंढरपूरच्या देवळाची दारं अस्पृश्यांना उघडायला १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना उपोषण करावं लागलं, म्हणजे स्वातंत्र्य तीन महिन्यांवर आलं होतं तेव्हा. चोखोबांची समाधी दाराबाहेर आणि आत जायला सहा-सातशे वर्षं. वारी सगळ्यांना एक करते वगैरे लिहिताना हे बाजूला ठेवायचं नाही.

चहाटळ
गंभीर झालं वातावरण. पण बरोबर आहे.

नगरी
नगर जिल्ह्याची बाजू घ्यायला आलोय, आमच्याकडे वीकेंडचं अख्खं कपाट आहे.

एक, नेवासे. ज्ञानेश्वरी ज्या खांबाला टेकून सांगितली म्हणतात तो पैसाचा खांब. त्यावर दुर्गा भागवतांचा ललितलेख आहे, 'पैस' त्याच नावाच्या पुस्तकात, १९७१ चा अकादमी पुरस्कार. दुर्गाबाई भाविक वगैरे अजिबात नव्हत्या आणि त्या एका साध्या दगडी खांबासमोर उभ्या राहून काय लिहून गेल्यात ते बघा. आधी लेख वाचा मग नेवाशाला जा.

दोन, श्रीगोंदे. शेख महंमद. 'योगसंग्राम' लिहिणारा मुसलमान संतकवी, स्वतःला अविंध (म्हणजे मुसलमान) म्हणवून घेतो आणि हृदयात गोविंद आहे सांगतो. थेट 'योगसंग्राम' जड जाईल, ढेऱ्यांचं 'मुसलमान मराठी संतकवी' आधी घ्या, छोटं आहे.

तीन, आणि हे माझं सगळ्यात लाडकं, लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे'. कुणी म्हणेल यात विठोबा कुठे. सांगतो. नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते म्हणायचे, आणि ख्रिस्ती झाल्यावरही अभंगच लिहीत राहिले. चर्चमध्ये टाळ-मृदंग आणणारा माणूस. पण पुस्तक त्यांचं नाही, बायकोचं आहे. वडील सोवळ्याने झपाटलेले, घरात येईल ती वस्तू धुवायची, अशा घरात वाढलेली मुलगी, नवरा अचानक धर्म बदलतो, ती पाच वर्षं वेगळी राहते, आणि मग तिचं सोवळं एकेक पदर सुटत सुटत कसं गळून पडतं ते ती स्वतःवर हसत हसत सांगते. धर्मांतरावर एवढं विनोदी आणि एवढं रडवणारं मराठीत दुसरं नाही. बालकवी त्यांच्या घरात राहायचे तेही येतं. संक्षिप्त आवृत्ती घेऊ नका, संपूर्णच घ्या.

खारेदाणे
स्मृतिचित्रे +१००. शाळेत एक धडा होता तेवढ्यावर थांबलेल्यांनी लाज बाळगा.

मांडवीपार
ख्रिस्ती विषय निघालाच आहे तर गोव्याकडून. फादर थॉमस स्टीफन्स, इंग्रज जेझुइट, १५७९ ला गोव्यात आले आणि १६१६ मध्ये रायतूरला 'ख्रिस्तपुराण' छापलं. मराठी ओव्या, जवळजवळ अकरा हजार, आणि छपाई रोमन लिपीत! बायबलची गोष्ट, पण घाट ज्ञानेश्वर-एकनाथांचा. नवख्रिस्ती लोकांची जुनी पुराणं सुटली होती, त्यांना ऐकायला काहीतरी पुराण हवं होतं, म्हणून हे. म्हणजे देव बदलला तरी पुराण ऐकायची सवय गेली नाही. त्या काळच्या छापील प्रतींपैकी एकही उरलेली नाही, हस्तलिखितांवरून पुढे १९०७ ला मंगळूरहून आवृत्ती निघाली. देवनागरीत बांदेलूंची प्रत (१९५६) जुन्या लायब्ररीत मिळते. सगळं वाचायची गरज नाही, सुरुवातीची मराठीची थोरवी आणि मग काना गावातल्या लग्नाचा प्रसंग, तेवढं पुरे.

सावंतवाडी स्टँड
सगळे पुस्तकंच सांगतायत, धाग्यात कला पण लिहिलंय ना? कुडाळजवळ पिंगुळीला जा. ठाकर आदिवासी समाजाची चित्रकथी. सुट्ट्या कागदांवर रंगवलेली चित्रं, दोन कागद पाठीला पाठ चिकटवलेले, एका कथेच्या गठ्ठ्याला 'पोथी'च म्हणतात. समोर मंडळी बसलेली, कथेकरी एकेक चित्र पुढे धरणार, वीणा, टाळ, हुडूक आणि गाणं. रामायण-महाभारतातली आख्यानं. म्हणजे हीसुद्धा पोथी, फक्त ती वाचत नाहीत, दाखवतात. माळकरी_पोर म्हणाले ना म्हणावा, वाचू नये, तसंच. परशुराम गंगावणे यांना २०२१ ला पद्मश्री मिळाली तेव्हा मुंबईच्या लोकांना पिंगुळी कळलं. त्यांचं छोटं म्युझियम आहे, गोव्याला जाताना एक तास थांबलात तर बीच पळून जात नाही.

चहाटळ
पिक्चर चालेल का? 'संत तुकाराम', प्रभात, १९३६, विष्णुपंत पागनीस. व्हेनिसला गाजलेला. त्यातलं 'आधी बीज एकले' तुकारामाचं नाहीच, शांताराम आठवल्यांनी लिहिलंय, आणि लोक गाथेत शोधत बसले होते. आजही कुणीतरी ते तुकोबांचा अभंग म्हणून फॉरवर्ड करेल आषाढीला, बघा.

माळकरी_पोर
आमच्या गावातल्या एका बुवांनी तो कीर्तनात घेतलेला आहे, तुका म्हणे नसताना 😂

नेकारकाठ
हायडलबर्गहून. इथे गुंथर सोंथायमर नावाचे प्राध्यापक होते, १९९२ ला गेले. धनगर, बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा यांच्यावर आयुष्य घातलं, धनगरांबरोबर फिरून ओव्या गोळा केल्या. वर ढेऱ्यांची मांडणी आली त्याच्याशी हे काम जोडून वाचण्यासारखं आहे. हेनिंग श्टेगम्युलरबरोबर त्यांनी वारीवर फिल्मपण केली. मला इथे येऊन मराठी देवांची ओळख एका जर्मन माणसाकडून झाली हे जरा विचित्र वाटतं, पण पुण्यात असताना मी कुठे गेले होते बिरोबाला.

'पालखी'चं फिलिप एंग्ब्लॉम यांनी इंग्रजी केलंय, ढेऱ्यांच्या विठ्ठलाचं अॅन फेल्डहाउस यांनी. परदेशात वाढलेल्या मुलांना द्यायला बरं. आणि दिलीप चित्रेंचं 'सेज तुका' (तुकोबांच्या अभंगांचं इंग्रजी) हवंच. पण चित्रेंनी मराठी वाचकासाठी केलेलं 'पुन्हा तुकाराम' जास्त महत्त्वाचं, अभंग निवडून असे लावलेत की तुकोबा आत्ता समोर बसून बोलतोय असं वाटतं. माळकरी_पोर म्हणतात कुठलंही पान उघडा, ते ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी हे.

कर्जत लोकल
बाप रे, हे दोन दिवसांत कुठे होणार. माझ्यापुरतं नवीन ठरवलं: शनिवारी 'वाटचाल' आणि लगेच कर्ममेळ्याचे मिळतील ते अभंग, दोन्ही शेजारी ठेवून. संध्याकाळी हरिपाठ, मोठ्याने, शेजाऱ्यांची माफी मागून. रविवारी 'स्मृतिचित्रे' सुरू. ढेरे पावसाळाभर.

माळकरी_पोर, 'वाटचाल' तुम्ही वाचाल का? आतल्या माणसाला ते कसं वाटतं ते ऐकायचंय.

माळकरी_पोर
वाचला. कॉलेजच्या लायब्ररीत 'परिपूर्ती' मिळालं.

बाईंनी जेवणाचं लिहिलंय ते आजीकडनं ऐकलेल्याशी जुळतंय. आता आमच्या दिंडीत पंगत एकच बसते, पण दिंडी मुळात कुणाची हे विचारलं तर अजून सगळ्यांना सांगता येतं, तेव्हा फार शहाणपणा करत नाही. एका गोष्टीला मात्र वाद घालणार. त्या चालणाऱ्यांबद्दल लिहितात, वाटेवरच्या गावांबद्दल कमी. वारी चालणाऱ्यांची असते तेवढीच आमच्यासारख्या न चालणाऱ्यांचीपण असते. सदाशिवनगरच्या रिंगणाआधी दोन दिवस घरात कुणी झोपत नाही, पिठाची गिरणी रात्रभर चालू, टँकर, पत्र्याचे शेड, माणूस कुठल्या जातीचा विचारायला वेळच नसतो कारण भाकरी थापायच्या असतात. पालखी पुढं गेली की वावरात राहिलेल्या पत्रावळ्या पण आम्हीच उचलतो. त्यावर कुणी लिहिलंय का? असेल तर सांगा, ते वाचतो पुढच्या शनिवारी.

मिरजेची
नसेल तर तुम्ही लिहा. इथेच टाका, वेगळा धागा काढून.

खारेदाणे
गिरणीवाल्यापासून सुरू करा.